नखं कापणारी बाई आणि तिचा व्यापारी

अण्णांचा पहिला प्रश्न वजनाचा होता. ताईने फोनवर फोटो दाखवला होता : एक बाई बसून पायाची नखं कापते आहे, अंगावर कपडा नाही, मान वाकलेली, सगळं लक्ष अंगठ्यावर. उंची जेमतेम आठ सेंटिमीटर. हातात कात्री धरावी तशी बोटं मिटलेली, आणि तीसुद्धा इतकी बारीक की मूर्तिकाराने ती मेणात सुईने कोरली असणार. ताई ज्याच्याकडे काम करते तो पॅरिसमधला शिल्पांचा व्यापारी ही मूर्ती घ्यावी की नाही या विचारात आहे. घेतली तर तिच्याखालच्या चिठ्ठीवर कुणाचं नाव घालायचं, हे ठरवायचं काम ताईकडे आलं आहे. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आहे, बार्तेलमी प्रियर. फ्रान्सचा राजा आंरी चौथा याचा शिल्पकार. जन्म १५३६ च्या आसपास, मृत्यू १६११.

अण्णा म्हणजे माझे वडील. उभं आयुष्य कोल्हापुरात बिडाच्या ओतकामात गेलं. ताई माझी आतेबहीण, कलेचा इतिहास शिकायला फ्रान्सला गेली ती तिकडचीच झाली. लूव्रमध्ये सकाळभर हिंडून आम्ही जवळच्या एका कॅफेत टेकलो होतो. मी मध्ये बसून कॉफी ढवळत होतो, आणि दोघं सुरू झाले. जे ऐकलं ते फापटपसारा वगळून पुढे देतो. दोघंही मला पटत होते, आणि ही माझी सोय नव्हे, अडचण होती.

अण्णा : आधी वजन सांग.

ताई : अर्धा-पाऊण किलो असेल.

अण्णा : म्हणजे भंगारात घातली तर चारपाचशे रुपये. आणि तुझा मालक काय लावणार?

ताई : ते नाही सांगणार, मामा. शून्यं बरीच आहेत एवढं समजा.

अण्णा : मग ती सगळी शून्यं नावाची. धातू तोच, भट्टी तीच, घाम ज्याचा गळला त्याचा पत्ता नाही. मधे एक दलाल उभा राहिला, त्याने कानात नाव सांगितलं, आणि पितळेची बाई सोन्याची झाली.

ताई : त्या शून्यांमुळेच ती बाई शिल्लक आहे. सकाळी तो पाय पाहिलात ना?

तो पाय म्हणजे चौदाव्या लुईचा डावा पाय. प्लास व्हाँदोम या चौकात १६९९ मध्ये राजाचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, शिल्पकार फ्रांस्वा जिरार्दों. पुतळा सुमारे सात मीटर उंच, आणि बाल्तासार केलरने तो १६९२ मध्ये एकाच ओतात उतरवला होता. एवढी मोठी वस्तू एका ओतात म्हटल्यावर अण्णा त्या पायासमोर बराच वेळ थांबले होते. १७९२ च्या ऑगस्टमध्ये क्रांतीच्या लोकांनी पुतळा पाडून वितळवला, आणि एवढा पाय तेवढा राहिला. तो पुतळा कसा दिसत होता हे आज आपल्याला जिरार्दोंच्याच छोट्या ब्राँझ प्रतींवरून कळतं. त्यातली एक लूव्रमध्येच आहे.

ताई : मोठा पुतळा चौकात, सगळ्यांचा. म्हणून सगळ्यांनी मिळून वितळवला. छोट्या प्रती कुणाच्या तरी कपाटात, कुणीतरी पैसे मोजून घेतलेल्या. त्या वाचल्या. पाँ नफ पुलावरच्या आंरी चौथ्याचंही तेच. १६१४ मध्ये उभा राहिला, १७९२ मध्ये भट्टीत गेला. १८१८ मध्ये नवा ओतला, लमो नावाच्या शिल्पकाराचा, आणि त्यासाठी धातू कुठून आला माहिती आहे? नेपोलियनचे पुतळे वितळवून.

अण्णा : (खूश होऊन) म्हणजे राजाला वितळवून तोफा, सम्राटाला वितळवून परत राजा! फाउंड्रीत काही वाया जात नाही बघ. आमच्याकडे बिघडलेलं कास्टिंग दुसऱ्या दिवशीच्या चार्जमध्ये जायचं, तसं यांनी इतिहासाचं केलं.

ताई : हसा. पण १९४१ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सने पुन्हा तेच केलं. सरकारनेच कायदा काढून चौकांतले ब्राँझ पुतळे उतरवले. संगमरवर भाजून चुना होतो, लाकूड जळतं, पण वितळवून दुसऱ्या कामाला लावावंसं वाटतं ते ब्राँझलाच. ज्या ब्राँझची किंमत धातूपेक्षा जास्त आहे असं कुणीतरी ओरडून सांगितलं, ते राहिलं. हे सांगणारा म्हणजे व्यापारी.

अण्णा : चौकातलं वितळलं ते सगळ्यांचं होतं म्हणून, आणि कपाटातलं वाचलं ते दलालामुळे? पोरी, कपाटात होतं म्हणून वाचलं. कपाट मालकाचं. यात तुझा माणूस आला कुठे?

इथे ताई गप्प झाली. मला वाटलं, हा मुद्दा अण्णांनी मारला. पण तिने दुसरीकडून सुरुवात केली.

ताई : बरं, कपाटात काय आहे हे जगाला कुणी सांगितलं? अठराव्या शतकात पॅरिसमध्ये एदमे-फ्रांस्वा जेरसँ नावाचा व्यापारी होता. पाँ नोत्र-दाम या पुलावर त्याचं दुकान. त्याच्या दुकानाची पाटी १७२० मध्ये चित्रकार वातोने रंगवली, आणि ती पाटी आज बर्लिनला राजवाड्यात आहे. पण जेरसँचं खरं काम वेगळं. लिलावापूर्वी छापील यादी काढायची, प्रत्येक वस्तूचं वर्णन करायचं, हे चित्र कुणाचं, आधी कुणाकडे होतं ते सांगायचं, ही सवय त्याने लावली. रेम्ब्राँटच्या कोरीव चित्रांची पहिली पद्धतशीर सूची त्याचीच. तो वारल्यावर १७५१ मध्ये छापली. एखाद्या चित्रकाराचं सगळं काम एका यादीत मांडायचं, हा प्रकार पंडितांनी नाही, दुकानदाराने सुरू केला.

अण्णा : बरोबर केलं. माल विकायचा तर मालाची यादी हवीच. पुढे ती यादी खरी का खोटी हे तपासणारा कोण? तोच दुकानदार?

ताई : तेच तर. आता ऐका, कारण इथे तुमचा विजय आहे. मी लपवत नाही. शंभर वर्षांपूर्वी छोट्या ब्राँझ मूर्तींचा सगळ्यात मोठा जाणकार म्हणजे बर्लिनच्या संग्रहालयांचा विल्हेल्म फॉन बोडे. १९०७ ते १९१२ मध्ये त्याने इटलीतल्या रेनेसान्सच्या छोट्या ब्राँझ मूर्तींवर तीन खंड काढले. त्याच सुमारास जे. पी. मॉर्गन या अमेरिकन सावकाराच्या ब्राँझ संग्रहाची सूचीही बोडेनेच लिहिली. तेव्हा छान ब्राँझ दिसलं की 'इटालियन' म्हणायची रीतच होती. इटालियन म्हटलं की भाव चढायचा. पुढे कळलं की त्यातली बरीच फ्रेंच, जर्मन, नेदरलँड्समधली आहेत. प्रियरच्या बायकाही कित्येक वर्षं इटालियन कपड्यात हिंडत होत्या.

अण्णा : कपडे कुठे आहेत त्यांच्या अंगावर?

ताई : मामा!

अण्णा : बरं, पुढे.

ताई : मॉर्गन १९१३ मध्ये गेला. त्याची ब्राँझ ड्युवीन या लंडन-न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने उचलली आणि १९१६ मध्ये हेन्री क्ले फ्रिकला विकली. आज ती न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात दिसतात. हाच ड्युवीन १९१२ पासून बर्नार्ड बेरेन्सन या इटालियन चित्रांच्या तज्ज्ञाशी गुप्त करार करून होता. बेरेन्सनने चित्र खरं म्हणून सांगायचं, आणि विक्रीच्या नफ्यातला वाटा घ्यायचा.

अण्णा : बघ! तपासणारा आणि विकणारा एका ताटात जेवतात. आणि तू म्हणतेस ज्ञान!

ताई : आणि ड्युवीनची दुसरी गोष्टही सांगते. १९१५ मध्ये मॉर्गनच्या वारसांकडून त्याने फ्रागोनारच्या भिंतीभरच्या चित्रांचा संच घेतला, साडेबारा लाख डॉलरला. फ्रिकला दिला तो तेवढ्याच किमतीला. एक डॉलर नफा घेतला नाही.

अण्णा : (ताबडतोब) गिऱ्हाईक बांधून घेतलं. मीही पहिली ऑर्डर ना नफा ना तोटा करायचो. पुढची दहा वर्षं तो माणूस दुसरीकडे जात नाही.

ताई : झालं! म्हणजे दलालाचं कसब तुम्हाला कळतं.

अण्णा : कळतं म्हणूनच विश्वास नाही.

कलेच्या धंद्यात नफा न घेण्याइतकं महागडं काही नसतं, हे अण्णांना कुठल्याही पुस्तकाशिवाय कळलं. बाकी बेरेन्सनचं प्रकरण ब्राँझचं नव्हे, चित्रांचं. तरी ताईने ते स्वतःहून काढलं हे मला आवडलं. आपल्या बाजूची वाईट माणसं आपणच आधी पुढे केली की समोरच्याची निम्मी हवा जाते.

आता प्रियरकडे वळायला हवं, कारण या बाईची इटालियन नावातून सुटका कशी झाली हे मजेदार आहे. प्रियर ह्यूगनो, म्हणजे फ्रान्समधला प्रोटेस्टंट. तरुणपणी इटलीत राहिला, तुरिनला सव्हॉयच्या ड्यूकच्या पदरी काम केलं. फ्रान्सला परतल्यावर सेनापती आन द माँमोरँसी याच्या हृदयासाठी उभारलेल्या स्मारकातल्या ब्राँझ स्त्रिया त्याने केल्या. तो स्तंभ आणि त्या तीन मूर्ती लूव्रमध्ये आहेत. धर्मयुद्धांच्या दिवसांत प्रोटेस्टंट म्हणून काही काळ पॅरिस सोडावं लागलं, आणि आंरी चौथा गादीवर आल्यावर १५९१ मध्ये तो राजशिल्पकार झाला. राजाला त्याने ज्युपिटर केलं आणि राणी मारी द मेदिसीला जूनो. हे जोडपंही लूव्रमध्ये. राजा गरुडाजवळ उभा, देवासारखा निर्विकार. आणि त्याच कारागिराच्या कारखान्यातून, असं आज मानतात, या घरगुती बायका बाहेर पडत होत्या. वेणी घालणारी, गायीचं दूध काढणारी, नखं कापणारी.

अण्णा : असं आज मानतात. कुणाच्या सांगण्यावरून?

ताई : कागदाच्या. १६११ मध्ये प्रियर वारला तेव्हा घरातल्या मालमत्तेची यादी झाली, कायद्याप्रमाणे. त्यात कारखान्यातल्या छोट्या ब्राँझ आकृत्यांची नोंद आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रेगिना सेलिग-टॉयव्हेन या अभ्यासिकेने असे कागद आणि मूर्ती शेजारी ठेवून पाहिल्या. त्यांच्या कामानंतर मूर्तींचा एक मोठा गठ्ठाच इटलीहून फ्रान्सला आला.

अण्णा : यादीत चित्र आहे?

ताई : नाही. वर्णन दोन-चार शब्दांचं.

अण्णा : म्हणजे 'बाई, लहान, एक'. असली यादी माझ्या स्टोअरमध्येही व्हायची. 'ब्रॅकेट, लहान, बारा'. कुठलं ब्रॅकेट हे मलाच माहीत. मी गेलो की कुणालाही काहीही म्हणता येईल.

ताई : एक ओळ पुरत नाही हे मान्य. पण माँमोरँसीच्या स्मारकातल्या मूर्तींचे चेहरे, केसांच्या वेण्यांचे पीळ, बोटांची वळणं हे या छोट्या बायकांमध्येही तसंच येतं. कागद आणि हात, दोन्ही जुळतात.

अण्णा : हात कुणाचा? तेच तर मला विचारायचंय. तू मघाशी सांगितलंस की मेणात सुईने कोरली असेल. मेणात कोरणारा एक. मेणाभोवती साचा बांधणारा दुसरा. भट्टीवर धातू ओतणारा तिसरा. थंड झाल्यावर रनर कापून, कानस मारून, छिन्नीने नखं परत काढणारा चौथा. फेटलिंगवाला म्हणतात आमच्याकडे त्याला, आणि सगळ्यात कमी पगार त्याचा. ओतकाम बिघडलं की शिव्याही त्यालाच. तुझी ती मान आणि बोटं त्या चौथ्यानेच वाचवली असतील. प्रियर तेव्हा राजवाड्यात राजाशी बोलत असेल.

ताई : असेल. पण मूळ नमुना त्याचा.

अण्णा : आणि नमुन्यावरून किती काढल्या?

ताई : तेच सगळ्यात अवघड आहे. या नखं कापणाऱ्या बाईच्या प्रती अनेक संग्रहालयांत आहेत. अप्रत्यक्ष मेणपद्धत म्हणतात ती वापरली की असं होतं. म्हणजे नमुन्यावरून प्लास्टरचा तुकड्यातुकड्यांचा साचा घ्यायचा, त्यात मेण ओतून प्रत काढायची, मूळ नमुना कपाटात तसाच. पाहिजे तेवढ्या प्रती काढा. प्रियर गेल्यावरही काढता येतात. त्याची मुलगी गियोम द्युप्रे या पदकं घडवणाऱ्याला दिलेली होती, तोही ब्राँझ ओतणारा. घरातच सगळं.

अण्णा : मग तुझ्या मालकाकडची प्रियरच्या वेळची की जावयाच्या वेळची की पन्नास वर्षांपूर्वीची, कसं कळणार? माप घेतलंस?

ताई : घेतलं.

अण्णा : तसं नाही. व्हर्नियरने घेतलंस? ब्राँझ थंड होताना शंभराला दीड-दोन आकसतं. कुणी तयार मूर्तीवरून साचा मारून दुसरी काढली तर दुसरी पहिलीपेक्षा लहान. तिसरी आणखी लहान. संग्रहालयातल्या आठ-दहा प्रती ओळीने मापल्या तर आजी, आई, लेक सगळं दिसेल. नाव पाहायला नको, फूटपट्टी पुरे.

ताई : हे शास्त्र आहेच. पण आठ सेंटिमीटरला दोन टक्के म्हणजे दीड मिलिमीटर. मेणात एखाद्याने बैठक थोडी जाड केली, डोकं परत बसवलं, की तेवढा फरक विरघळून जातो. अर्ध्या मीटरच्या मूर्तीत हे कळतं, इथे हुलकावणी देतं.

अण्णा : हां. हे बरोबर.

अण्णांच्या तोंडून 'हे बरोबर' निघणं म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तिथून पुढे त्यांचा आवाज बदलला. भांडण राहिलंच, पण आता ते दोन कारागिरांचं भांडण होतं.

अण्णा : एक्स-रे?

ताई : मोठ्या पोकळ मूर्तींत फार उपयोग. भिंतीची जाडी सारखी आहे का, आतला मातीचा कोअर कसा धरला होता, लोखंडी खिळे काढल्यावर भोकं कशी बुजवली, मेणाचे तुकडे कुठे जोडले, सगळं दिसतं. आतली माती शिल्लक असेल तर तापवून, ती शेवटची भाजली कधी याचाही अंदाज काढता येतो. पण इतकी छोटी मूर्ती भरीव असली की आत बघायला काही नाही, मातीही नाही. ही भरीव आहे.

अण्णा : धातूची तपासणी?

ताई : केली. जुन्या धातूत अशुद्धी जास्त असतात, आधुनिक शुद्ध जस्त सापडलं तर संशय येतो. हिच्यात संशय घेण्यासारखं काही नाही. पण त्याने ती प्रियरची होत नाही, फक्त कालची नाही एवढं कळतं.

अण्णा : एकूण काय, धातूवरून कळत नाही, मापावरून कळत नाही, यादीत 'बाई, लहान'. आणि चिठ्ठीवर प्रियर. माझी शंका मुळीच गेली नाही बघ.

ताई : शंका जाऊ नये म्हणूनच फ्रान्समध्ये कायदा आहे. ३ मार्च १९८१ चा फतवा. एखाद्या कलावस्तूबद्दल दुकानदार जे लिहील त्याला तो बांधील. नुसतं 'प्रियर' लिहिलंत तर ती प्रियरची आहे अशी हमी. 'प्रियरची मानली जाते' असं लिहिलंत तर ती त्याच्या काळातली आहे आणि त्याने केली असावी याला सबळ कारणं आहेत, अशी हमी. 'प्रियरच्या कार्यशाळेतली' म्हणजे त्याच्या कारखान्यात किंवा त्याच्या देखरेखीखाली झालेली. 'प्रियरच्या शैलीत' लिहिलंत तर हमी कसलीच नाही. या पायऱ्यांवरून भाव खाली उतरतो.

अण्णा : आणि खोटी निघाली तर?

ताई : गिऱ्हाईक कोर्टात जातं. उलटंही होतं. १९६८ मध्ये एका दांपत्याने एक चित्र लिलावात दिलं. तज्ज्ञाने ते इटलीतल्या काराची चित्रकारांच्या परंपरेतलं सांगितलं, २,२०० फ्रँकला गेलं. सरकारला पहिला हक्क असतो, तो वापरून लूव्रने ते उचललं आणि पुढे निकोला पूसँ या मोठ्या फ्रेंच चित्रकाराचं म्हणून लावलं. दांपत्य कोर्टात गेलं. वर्षानुवर्षं खटला चालला आणि १९८७ मध्ये विक्री रद्द झाली, चित्र परत. मुद्दा काय होता बघा. ते पूसँचंच आहे हे सिद्ध व्हायची गरज नाही, असं कोर्ट म्हणालं. विकणाऱ्यांची समजूत करून दिली होती की ते पूसँचं असूच शकत नाही, आणि खरं म्हणजे ते असू शकत होतं. एवढं पुरे.

अण्णा : म्हणजे नुसत्या 'असू शकतं' यालाही भाव आहे.

ताई : धंदा त्यावरच चालतो, मामा.

अण्णा : हे मात्र प्रामाणिक बोललीस.

आमच्याकडे घर विकताना 'असू शकतं' याची हमी कोण देईल असा विचार माझ्या मनात आला, पण मी कॉफीच ढवळली.

ताईने यानंतर मालकीच्या साखळीचं सांगितलं. ते थोडक्यात देतो, कारण त्यात वाद फारसा झाला नाही. चौदाव्या लुईच्या काळात राजभांडारातल्या ब्राँझ मूर्तींवर छिन्नीने अनुक्रमांक कोरत. असा क्रमांक दिसला की १७९१ ची छापील यादी काढून तो जुळवता येतो. क्रांतीनंतर यातल्या बऱ्याच मूर्ती सरकारने काढून टाकल्या, काही घेणेकऱ्यांना पैशांऐवजी दिल्या, आणि त्या युरोपभर पांगल्या. आमच्या बाईवर क्रमांक नाही. असता तर एवढं बोलावंच लागलं नसतं. शिवाय फ्रान्समध्ये जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला पोलिसांसाठी एक वही ठेवावी लागते. वस्तू कुणाकडून घेतली, केव्हा घेतली, कितीला घेतली. पानं क्रमाने, फाडायची नाहीत.

अण्णा : वही आपल्याकडच्या भंगारवाल्यालाही ठेवावी लागते. तांब्याची तार चोरीची निघाली की पोलीस पहिल्यांदा त्याच्याकडे येतात.

ताई : तशीच. पण इथे त्याहून मोठी चोरी झाली आहे. १९४० ते १९४४ मध्ये नाझींनी रोथशिल्डसारख्या ज्यू कुटुंबांचे संग्रह उचलून नेले. युद्धानंतर परत मिळालेल्या पण मालक न सापडलेल्या सुमारे दोन हजार कलावस्तू आजही फ्रेंच संग्रहालयांत वेगळी नोंद ठेवून सांभाळतात. म्हणून १९३३ ते १९४५ या वर्षांत वस्तू कुठे होती हे आता प्रत्येक जबाबदार व्यापाऱ्याला विचारावंच लागतं.

अण्णा : आणि ही बाई तेव्हा कुठे होती?

ताई : १९५० नंतरचं सापडलं. आधीचं शोधते आहे.

अण्णा : मालक थांबेल?

ताई : (जरा वेळाने) आठवडाभर थांबेल. महिनाभर नाही थांबणार, तोवर दुसरा कुणी घेऊन जाईल. तुम्ही जे म्हणता ना, तपासणारा आणि विकणारा एका ताटात... रात्री मला तेच टोचतं. माझा पगारही त्याच ताटातला. पण मी त्या ताटातून उठले, तर ती मूर्ती कागद न बघता विकली जाईल. संग्रहालयातल्या तज्ज्ञाला वर्षाचा वेळ असतो, पण त्याच्यापर्यंत मूर्ती पोचतच नाही. बाजारातून जाते, आणि बाजारात तिला हातात घेऊन उलटी करून बघणारी मीच असते.

अण्णा : मग उठू नकोस. पण चिठ्ठीवर काय लिहिणार?

ताई : मालकाला 'बार्तेलमी प्रियर' हवंय. फार तर 'प्रियरची मानली जाते'. मी म्हणते 'कार्यशाळेतली'. पण ते लिहिलं की भाव पडतो.

अण्णा : का पडावा? सांग ना. कार्यशाळेत म्हणजे प्रियरच्या नमुन्यावर, त्याच्या माणसांनी, त्याच्या भट्टीत. यात कमी काय झालं? माझ्या शेडमधून बाहेर पडलेल्या कुठल्या कास्टिंगला मी स्वतः हात लावला होता? पण कंपनीचं नाव त्यावर, आणि त्यात खोटं काही नाही. उलट तू लिहितेस ते जास्त खरं, कारण त्यात तो फेटलिंगवालाही येतो.

ताई : हे गिऱ्हाईकाला पटत नाही, मामा. त्याला एक माणूस लागतो. रात्री कपाट उघडून 'हे प्रियरनं केलं' असं म्हणायचं असतं त्याला. 'प्रियरच्या चौथ्या माणसाने नखं काढली' असं म्हणून कुणी पैसे देत नाही.

अण्णा : तर मग त्याला सांग, नखं कापणारी बाई घेतलीस आणि नखं कोरणारा नको म्हणतोस?

ताई : तुम्हीच सांगा. गुरुवारी तो दुकानात येणार आहे, इंग्रजी बोलतो.

अण्णा : येतो. व्हर्नियर मात्र तू आण, माझा कोल्हापुरात राहिलाय. आणि उंची लिहिताना सेंटिमीटरवर थांबू नकोस, मिलिमीटरपर्यंत लिही. बैठक धरून वेगळी, बैठक सोडून वेगळी. उद्या कुणी दहा प्रती मापायला बसला तर त्याला तेवढं तरी तुझ्या चिठ्ठीवरून मिळेल.

ताईने फोनमध्ये ते लिहून घेतलं, आणि 'बैठक सोडून वेगळी' याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं, कारण बैठक मूळची आहे की नंतर बसवलेली हेच अजून ठरायचं आहे.